टाकळखेड्याच्या वाऱ्याची वाटणी

गिरिधरमास्तरांचा हात लागलेलं यंत्र त्यांच्या डोळ्यांदेखत कधी बंद पडलं नाही, आणि त्यांची पाठ फिरल्यावर कधी चाललं नाही.

हैदराबादला कारागिरीच्या शाळेत शिकून ते निजामाच्या शेतकी खात्यात लागले, त्याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात त्यांनी चार गावांना चार यंत्रं चालवायला शिकवली. पहिल्या गावात कडबा कापायचं यंत्र. मास्तर गेले आणि महिनाभरात त्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली. आता बसल्या कोंबडीला उठवायचं पाप कोण घेणार? दुसऱ्या गावात उसाचा लोखंडी चरक. त्याचा दांडा कुणीतरी लग्नाच्या मांडवाला नेला, तो त्या नवरा-नवरीला तीन लेकरं झाली तरी परत आला नव्हता. तिसऱ्या गावी तेलाचं इंजिन. गावानं त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आणि देवाला कामाला कसं जुंपायचं म्हणून पुन्हा कधी सुरू केलं नाही. चौथ्याचं तर नाव निघालं की मास्तरांना उचकी लागायची.

दुपारी जरा डोळा लागला की ही चारही यंत्रं येत आणि त्यांच्या बाजेभोवती बसत. बोलत काही नसत. नुसती बसत, गावच्या पंचांसारखी. कोंबडीही बरोबर असायची.

फसली तेराशे पंचेचाळीस सालच्या पौषात खात्यानं त्यांना पाचवं यंत्र दिलं आणि बजावलं, हे शेवटचं. बदनापूर स्टेशनावरून दोन कोसांवर टाकळखेडं, तिथल्या साठ हात खोल विहिरीवर वाऱ्यानं चालणारी पवनचक्की बसवली आहे. पाडव्याच्या आत गावातल्या माणसांना ती चालवता आणि राखता आली पाहिजे. खात्याचे वरिष्ठ, मोहतमीम साहेब, स्वतः येऊन बघतील. जमलं नाही तर चाक उपटून दुसऱ्या गावी नेऊ, आणि मास्तरांनी हैदराबादेत येऊन दौत-टाक घेऊन बसावं.

दौत-टाकाचं मास्तरांना भय नव्हतं. पण आपल्या मागं एक तरी यंत्र जगावं, एवढीच त्या माणसाची जन्माची इच्छा होती. लोकांना मुलाबाळांची असते तशी.

टाकळखेड्याला वाऱ्याची ददात नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेला वारा वाटेत कुठंही पाणी न पिता सरळ या माळावर येऊन टेकतो. माघ-फाल्गुनात गावची ज्वारी खळ्यांवर येते तेव्हा इथला भुसा उडून जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांच्या गाद्यांवर पडायचा, आणि ते गादी झटकत म्हणायचे, "टाकळखेड्याची खळी लागली वाटतं." अशा गावाच्या डोक्यावर पंचवीस हात उंच लोखंडी मनोरा उभा राहिला. त्याच्या शेंड्यावर अठरा पात्यांचं चाक आणि चाकामागं हे एवढं मोठं पत्र्याचं शेपूट. चाक फिरलं की एक लांब दांडा विहिरीतल्या नळात खालीवर होई आणि हौदात पाणी पडे. पहिल्या दिवशी पाणी पडलं ते इतकं जुनं आणि इतकं गार होतं, की त्यात ज्यानं आधी पाहिलं त्याला स्वतःच्या तोंडाऐवजी पणजोबाचं तोंड दिसलं म्हणतात. पोहरा ओढून ओढून ज्यांच्या तळहाताच्या रेघा पुसल्या होत्या त्या बाया हौदाच्या कडेला दिवसभर नुसत्या बसून राहिल्या. कुणी भांडी आणली नाहीत की धुणं आणलं नाही. पडणारं पाणी बघत त्यांच्या माना डुलायला लागल्या.

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी मनोऱ्याखाली शाळा भरवली. रखमाजी पाटलांनी बारा गडी हुडकून दिले. त्यात पाटलांचा पुतण्या रामकिसन पहिला, कारण त्याच्या हातात पाना दिला की तो परत देत नसे. मास्तरांकडे एक वही होती. तिच्यात बेचाळीस कलमं. रोज सकाळी तेलपेटी बघावी. आठवड्यानं शिडी चढून दातेरी चाकांना तेल द्यावं. वारं माजलं की खालचा दांडा ओढून शेपूट मिटावं, म्हणजे चाक वाऱ्याकडं पाठ करून थांबतं. नळातली चामड्याची वाटी वाळू देऊ नये, वाळली तर चाक नुसतं फिरतं आणि पाणी वर येत नाही. अशी बेचाळीस. मास्तर म्हणत, बारा गडी मागून म्हणत. उजळणी, पाढे, परवचा असतो त्या चालीत. पंधरा दिवसांत सगळ्यांना तोंडपाठ. रामकिसन तर उलटीकडूनही म्हणून दाखवी.

मास्तर हुरळले. दुपारच्या झोपेत त्या दिवशी तीनच यंत्रं आली.

माघातल्या एका सकाळी ते नदीवरून परत येत होते तो मनोऱ्याखाली गलका ऐकू आला. बाराही गडी चाकाकडं तोंड करून, हात जोडून उभे. रामकिसन पुढं. बेचाळीस कलमं घुमत होती. शेवटचं कलम झालं, सगळ्यांनी चाकाला नमस्कार केला आणि आपापल्या घरी निघाले.

"रामकिसन," मास्तरांनी हाक मारली, "हे काय चाललंय?"

"रोजचंच की मास्तर. तुमी आंघोळीला गेल्ता म्हून आमीच म्हणून घेतलं. एक दिस खाडा न्हाई!"

"आणि तेल?"

"तेलाचं पन म्हनतो. दुसरं कलम."

"म्हणता, ते ठीक. घातलं कधी?"

रामकिसननं मास्तरांकडं असं पाहिलं, जसं कीर्तनात वाघाची गोष्ट ऐकताना कुणी विचारावं, की मग वाघ कधी येणार.

"घालायचं पन असतंय व्हय?" तो म्हणाला. "मंग म्हनायचं कशाला?"

मास्तर तिथंच हौदाच्या कडेवर बसले. पाडव्याला दीड महिना उरला होता आणि त्यांनी गावाला बेचाळीस कलमांचं एक स्तोत्र शिकवलं होतं. त्या दुपारी चारही यंत्रं आली आणि बाजेजवळ पाचव्यासाठी जागा धरून बसली.

आणि मग त्यांना जाग आली ती शांततेनं. गेले कित्येक दिवस चाकाची खडखड त्यांच्या कानात उशीसारखी असायची. ती उशी कुणीतरी काढून घेतली होती. ते उघड्या पायांनी बाहेर धावले. वारं तर चांगलं भरभरून वाहत होतं आणि चाक उभं. वर पाहिलं तो मोटेचा जाड नाडा! पात्यांतून आणि मनोऱ्याच्या आडव्या पट्टीतून तीन वेढे देऊन, बैल जखडावा तसं कुणीतरी चाक जखडून टाकलं होतं.

पंचवीस हातांवर चढून हे काम करणारा गावात कोण? बाराही गडी तर शिडीच्या चौथ्या पायरीवर गेले की रामनाम घ्यायचे.

विहिरीच्या पूर्वेला तीसेक पावलांवर उंचवट्यावर एक खळं होतं. त्याच्या मधोमध तीन पायांच्या उंच वावडीवर झुंबरबाई नावाची एक बाई उभी राहून ज्वारी उपणत होती. कासोटा घातलेली, पदर डोक्याला गुंडाळलेला. खाली तिचा नवरा धर्मराज एकेक पाटी भरून वर देत होता. बाकीच्या गावांत बाप्या वर आणि बाई खाली असते. इथं उलटं होतं, आणि गाव त्याला हसून हसून दमून गप्प बसलं होतं. कारण झुंबरबाईसारखं उपणणारं दहा कोसांत कुणी नव्हतं. तिची पाटी कलली की दाणे सरळ पायाशी आणि भुसा दूर, मधे हातभर कोरी जमीन. लोक सांगतात, एकदा तिनं उपणताना दाण्यातून गेल्या सालचं ऊन वेगळं काढलं होतं.

मास्तर तणतणत खळ्यावर गेले.

"पायतान?" वरून आवाज आला. खळ्यावर पायात काही घालून चढत नाहीत.

"घातलेलंच नाही," मास्तर म्हणाले. "चाक तुम्ही बांधलंत?"

"मंग काय तुमचे बारा भजनी बांधणारेत?"

"का पण, बाई?"

झुंबरबाईनं हातातली पाटी रिकामी केली, मगच बोलली. "मास्तर, तुमी शिकलेले. पाव्हण्याला वाटेतच जेवू घातलं तर पुढच्या घरी तो कशाला जेवील?"

टाकळखेड्यात खळ्यावर वाऱ्याचं नाव घेत नाहीत. पाव्हणा म्हणतात. नाव घेतलं की त्याला वाटतं बोलावणं आलं कुठूनतरी, आणि तो उठून जातो.

"म्हणजे चाक वारा खातं, असं तुमचं म्हणणं?"

"खातंच की. अठरा तोंडांनी खाऊन राह्यलंय. उरलंसुरलं शिळं माझ्या खळ्यावर येतंय. कालपून भुसा माझ्याच पायावर पडून राह्यला. न्हाई का हो?"

"व्हय," खालून धर्मराज म्हणाला. त्याचं दिवसातलं बोलणं तेवढंच असायचं.

मास्तर हसले. बारा वर्षं शिकलेलं त्यांच्या तोंडून वाहू लागलं. वारा म्हणजे काय, तो संपत कसा नाही, चाक त्यातलं चिमूटभरही घेत नाही. झुंबरबाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दाखवा."

त्यांनी आपल्या उपरण्याच्या दोन पट्ट्या फाडल्या, दोन लांब बांबूंना बांधल्या. एक बांबू चाकाच्या अलीकडं, वारा येतो त्या बाजूला. दुसरा पलीकडं. नाडा सोडवला. तोवर निम्मं गाव जमलं होतं. चाक फिरू लागलं. अलीकडची चिंधी सापाच्या जिभेसारखी लवलवत होती. पलीकडची जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी लोळत होती. जरा हले, पुन्हा कूस बदले.

मास्तरांनी पलीकडचा बांबू दहा पावलं मागं नेला. चिंधी लोळतच. वीस पावलं. डुलकी. तिसाव्या पावलाला ती कुठं एक डोळा उघडायला लागली, आणि तिसाव्या पावलावर झुंबरबाईचं खळं होतं.

गावातून असा काही हशा उठला, की बदनापूर स्टेशनावर गाडीची शिटी झाली असं वाटून लोकांनी सामान उचललं.

"चाळीस पावलांपुढं मात्र वारा पुन्हा ताजा होतो," मास्तर घाम पुसत म्हणाले. "बघा, चाळिसाव्या पावलाला..."

"तुमच्या पावलानं का माझ्या?" झुंबरबाई म्हणाली.

हातातला बांबू तसाच धरून मास्तर उभे राहिले. आपण हरलो, हे त्यांना कळलं होतं. पण त्याहून मोठं एक काहीतरी मनात टोचत होतं आणि ते काय, हे सापडत नव्हतं. ते जायला वळले तशी झुंबरबाई वरूनच म्हणाली, "आन् त्याला तेल घालत जा. कण्हून राह्यलं होतं बिचारं. नाडा बांधायला गेल्ते तवा करडीचं वाटीभर सोडलं मी."

मास्तर थबकले.

"कुठं सोडलंत?"

"जिथून कण्हत होतं तिथं. मंग कुठं?"

मास्तर शिडी चढून वर गेले. दातेरी चाकांची पेटी उघडी करून बोट घातलं. बोट तेलानं माखून बाहेर आलं. बेचाळीस कलमांतलं एकही न ऐकलेल्या बाईनं, नऊवारीचा कासोटा मारून, भांडायला म्हणून वर जाऊन, नेमकं दुसरं कलम पाळलं होतं. वरून खळं दिसत होतं, एवढंसं, आणि त्यावर वावडीवर एवढीशी बाई. भुशाची सोनेरी धार तिच्या हातातून निघून माळभर पसरत होती, आणि उन्हात तरंगता तरंगता सगळं गावच हलकं होऊन जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलं आहे असं मास्तरांना वाटलं. ते बराच वेळ खाली उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही ट्रंकेत टाकली आणि झुंबरबाईला मनोऱ्याखालचा लोखंडी दांडा दाखवला.

"चाक थांबवायला वर चढून नाडा बांधायची गरज नाही. हा ओढा."

तिनं ओढला. वर शेपूट कुरकुरत मिटलं, चाकानं वाऱ्याकडं पाठ फिरवली आणि दोन गिरक्या घेऊन ते उभं राहिलं.

"अगं बाई," झुंबरबाई म्हणाली, "रुसलं की."

"सोडा आता."

तिनं सोडला. चाक हळूच वळलं, पुन्हा फिरू लागलं.

"लगेच समजूत बी निघाली! आमच्या ह्यांच्यापेक्षा बरंय." धर्मराज दूर उभा राहून हसला, पण बोलला नाही. सकाळचं त्याचं होऊन गेलं होतं.

मग रखमाजी पाटलांच्या ओट्यावर बैठक बसली. गावात अकरा खळी, आणि आता अकराही जण म्हणत होते की चाक आपलाच वारा खातं. पश्चिमेकडचे, ज्यांच्या खळ्यावरून वारा आधी जाऊन मग चाकापाशी येई, तेही म्हणत होते. मास्तरांना समजावून सांगावंसं वाटलं. ओठापर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. शिकवून चार यंत्रं मेली होती. हे पाचवं न शिकवता जगलं तर बघावं.

"वाटणी करा," पाटील म्हणाले. "सकाळचं आन् सांजचं वारं पाण्याला. दुपारचं खळ्याला. ज्याची उपणायची पाळी, त्यानं दांडा ओढायचा."

"आन् फुकट न्हाई," झुंबरबाई मागून म्हणाली. बायांत बसली होती ती. "पाव्हण्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं न्हाई. ज्याला वारं पायजे त्यानं आधी वर चढायचं, तेल घालायचं, कुठं कण्हतंय ते ऐकायचं. मंगच दांड्याला हात."

"अन् बराबर ऐकलं का न्हाई ते कसं कळणार?" रामकिसन म्हणाला.

"मी खाली हाय ना कान देऊन."

अशी टाकळखेड्याच्या वाऱ्याची वाटणी झाली. आणि बघता बघता, वारा मिळावा म्हणून, अकरा घरांतली माणसं शिडी चढू लागली. चौथ्या पायरीवर रामनाम घेणारे पंचविसाव्या हातावर बसून शेजाऱ्याच्या अंगणात काय वाळत घातलंय ते सांगू लागले. रामकिसननं एकदा एक नट इतका आवळला की मनोरा चार बोटं उंच झाला. तेव्हा झुंबरबाईनं त्याच्या हातावर हात ठेवून दाखवलं, भाकरी थापतो तेवढाच जोर, पुरणपोळी लाटतो तेवढा हलकाही नाही. मास्तर हौदाच्या कडेला बसून असत. कुणी विचारलं तर सांगत, न विचारलं तर हात पाठीमागं बांधून गप्प. हे गप्प बसणं त्यांनी जन्मात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं. हात आपोआप पान्याकडं जात. मग ते स्वतःच्याच मनगटाला धरून बसत.

चामड्याची वाटी झिजली तेव्हा हैदराबादहून नवी मागवायची असं कलम होतं. गावानं जुन्या मोटेचं चामडं काढलं, एरंडेलात दोन दिवस मुरवलं, कापून बसवलं. ते सरळ नव्हतं. पाणी येत होतं.

पाडव्याला चार दिवस राहिले आणि मोहतमीम साहेब आले. भर दुपारी टांग्यातून उतरले. जाड, दमलेले, सभ्य गृहस्थ. चार महिन्यांत सोळा गावं पाहून त्यांचं पोट बिघडलं होतं. त्यांनी वर बघितलं. झकास वारा सुटलेला आणि चाक उभं.

"क्या मास्तर," साहेब म्हणाले, "फिर बंद? पाचवं पण?"

"बंद आहे, हुजूर. पण..."

"चालू करा. जल्दी. मला संध्याकाळची गाडी धरायची आहे."

दांडा मास्तरांपासून दोन हातांवर होता. नुसता सोडला असता, तर अठरा पाती फिरली असती, पाणी पडलं असतं, साहेबांनी मान डोलावून शेरा लिहिला असता. मास्तरांचा उजवा हात उचललाही गेला. आणि त्याच क्षणी त्यांना दिसलं की चारही गावांत आपण हेच केलं होतं. कुणी बघायला आलं की दर वेळी यंत्र आपणच सुरू करून दाखवलं. त्यांनी हात पाठीमागं नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरला.

"हुजूर," ते म्हणाले, "चाक त्यांचं आहे. त्यांना विचारा."

"किनको?"

मास्तरांनी मानेनं खळ्याकडं दाखवलं. साहेब बूट वाजवत तिकडं निघाले.

"पायतान!" वावडीवरून आवाज आला.

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. सरकारी माणसाला असं कुणी म्हणालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. पण आवाज असा होता की त्यांच्या आईचा आठवला. त्यांनी बूट काढले.

"बाई, चाक चालू करायचं आहे."

"दुपार खळ्याची हाय, साहेब. रास झाली की सोडते."

"किती वेळ?"

"तुमी पाट्या दिल्या तर जल्दी हुईल. हे एकटे पडून राह्यले."

धर्मराजनं मुकाट्यानं एक पाटी पुढं केली. मास्तर दुरून बघत होते, आणि त्यांना वाटलं आपण अजून बाजेवरच आहोत, आपला डोळा लागला आहे. कारण मोहतमीम साहेबांनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि पाटी भरून वर दिली. मग दुसरी. भुसा त्यांच्या टोपीवर, मिशांवर, भुवयांवर बसत गेला. माळावर गाव जमत गेलं. पाटी कलंडल्याचा सळसळ आवाज, मग पुढची. अर्ध्या तासानं साहेबांचं पोट दुखायचं थांबलं होतं आणि आपण इथं का आलो हे त्यांना नीटसं आठवत नव्हतं.

रास झाली. झुंबरबाई उतरली, रामकिसननं दांडा सोडला. चाक वळलं, गरगर फिरू लागलं. सगळ्यांनी हौदाकडं पाहिलं.

पाणी आलं नाही.

चाक फिरतंय, दांडा खालीवर होतोय, आणि नळातून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा नुसता आवाज. मास्तरांना आवाज ऐकताक्षणी कळलं, वाटी दुमडली आहे. दोन मिनिटांचं काम. त्यांनी मनगट इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली.

"सतरावं कलम काय?" साहेबांनी रामकिसनला विचारलं.

रामकिसन नळाकडं वळला. "साहेब, कलमं इसरलो मी," तो म्हणाला. "पन वाटी गेलीय. हटा जरा."

आणि मग भांडण लागलं. एक म्हणे दांडा वरून काढा, दुसरा म्हणे खालून. रखमाजी पाटील ओरडले, त्यांना बायांनी गप्प केलं. नळ उघडला, दांडा ओढून काढला, वाटी खरंच दुमडली होती. कुणीतरी धावत जाऊन एरंडेलाचं भांडं आणलं, कुणी चुकीच्या तेलाचं आणलं. झुंबरबाईनं चामडं गालाला लावून बघितलं, "अजून कोरडंय," म्हणाली, पुन्हा बुडवलं. रामकिसननं नट आवळला आणि मधेच थांबून स्वतःच म्हणाला, "भाकरीएवढा." एकानंही मास्तरांकडं वळून पाहिलं नाही. मास्तर उभे होते हेच सगळे विसरले होते.

ऊन कललं. चाक पुन्हा सोडलं. नळ दोनदा खोकला आणि हौदात पाणी पडलं.

साहेब ओंजळीनं प्यायले. मग टांग्यात बसून त्यांनी शेरा लिहिला, आणि मास्तरांना वाचून दाखवला. वाटी खात्याची नाही. तेल खात्याचं नाही. कलमं कुणालाही येत नाहीत. भर दुपारी चाक बंद ठेवण्याची पद्धत नियमात बसत नाही. सबब मास्तरांनी येथे काही शिकवलेलं दिसत नाही, त्यांना कचेरीत बोलावून घ्यावं.

"और चाक?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी मिशीतलं एक कुसळ काढलं, उन्हात धरून पाहिलं. "चाक राहू द्यावं," ते म्हणाले आणि तेही लिहिलं. "इथून काढायला गेलो तर ती बाई मलाच बांधून ठेवील."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर ट्रंक घेऊन निघाले. निरोपाला कुणी फारसं आलं नाही. मळणीचे दिवस, सगळे कामात. धर्मराज बैलगाडी घेऊन आला तेवढाच. गाडी पांदीतून वर आली, माळाच्या कडेला लागली, तेव्हा दुपार चढली होती. मास्तर गाडीत मागं तोंड करून बसले होते. सगळी गावं त्यांनी अशीच सोडली होती, यंत्र दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडं बघत.

चाक फिरत होतं. मग फिरता फिरता ते मंद झालं. आणि उभं राहिलं.

मास्तरांनी अर्धवट उठून डोळ्यांवर हात धरला. तेवढ्या दुरून शेपूट दिसलं, नीट मिटलेलं, आणि शिडीवरून कुणीतरी सावकाश खाली उतरत होतं. तेलाचं भांडं उन्हात चमकलं. कुणाची पाळी होती आज, त्यांना आठवेना. मग खळ्यावरून भुशाची पहिली धार उठली आणि जालन्याच्या दिशेनं तरंगत निघाली.

"धर्मराज," मास्तर म्हणाले, "आज कुणाची पाळी?"

धर्मराजनं खांदे उडवले. "असंल कुनाची तरी."

मास्तर पुढं तोंड करून बसले. बैलांच्या चालीनं त्यांची मान हळूहळू डुलू लागली आणि स्टेशन येईपर्यंत त्यांना अशी गाढ झोप लागली, की त्यांच्याजवळ येऊन बसायला कुणीच आलं नाही.